ड्रॅगनविरुद्ध युगोस्लाव अटॅक: बारावी चाल झाली, आता पुढे काय?

एकघरप्यादे (प्रश्न)

नमस्कार. मी कोथरूडला राहतो, वय ४३. शाळेत असताना खेळलेले बुद्धिबळ मध्ये वीसेक वर्षे सुटले होते. मुलीला शिकवणीला सोडता-आणता मीच पुन्हा पटाशी बसलो आणि गेले वर्षभर शहरातल्या रविवारच्या रॅपिड स्पर्धांमध्ये हौसेने खेळतो आहे. पांढरी मोहरी असली की राजापुढचे प्यादे दोन घरे, आणि समोरून सिसिलियन बचावातला ड्रॅगन (जी६ खेळून उंट जी७ वर बसवणारी काळ्याची रचना) आला की युगोस्लाव अटॅक (एफ३, वजीर डी२ आणि वजिराच्या बाजूला कॅसलिंग करून काळ्या राजावर हल्ला), एवढे माझे ठरलेले आहे. चालींचा क्रम बहुतेकांना ठाऊक असेल, तरी बोलणे एकाच स्थितीबद्दल व्हावे म्हणून लिहितो (× म्हणजे मारणे, कॅसलिंग म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे): १. ई४ सी५, २. घोडा एफ३ डी६, ३. डी४ सी×डी४, ४. घोडा×डी४ घोडा एफ६, ५. घोडा सी३ जी६, ६. उंट ई३ उंट जी७, ७. एफ३ कॅसलिंग, ८. वजीर डी२ घोडा सी६, ९. उंट सी४ उंट डी७, १०. वजिराच्या बाजूला कॅसलिंग, हत्ती सी८, ११. उंट बी३ घोडा ई५, १२. एच४.

इथपर्यंत मला घड्याळाकडे पाहावेही लागत नाही. पाठांतर संपले की मात्र पटावरचे प्रत्येक मोहरे मला परके वाटू लागते. माझ्या आजोबांनी मला देशी पद्धतीने खेळायला शिकवले होते. तिथे प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते आणि आजच्यासारखे कॅसलिंग नसते, त्यामुळे दोन राजे विरुद्ध बाजूंना बसले आहेत आणि दोन्ही फौजा एकमेकांच्या राजावर धावून जात आहेत, हा प्रकार माझ्या अंगवळणी पडलेलाच नाही.

दोन डाव सांगतो. पहिल्यात प्रतिस्पर्ध्याने १२ व्या चालीला घोडा सी४ वर आणला, मी तो उंटाने मारला, त्याने हत्तीने परत मारले. मग मी एच५ ढकलले, त्याने घोड्याने ते प्यादे घेतले, मी जी४ खेळून घोडा एफ६ वर परत पाठवला आणि १६ व्या चालीला मोठ्या उत्साहाने उंट एच६ वर नेला. त्याने शांतपणे घोड्याने ई४ चे प्यादे मारले. मी वजीर ई३ वर घेतला, तर त्याने हत्तीने सी३ चा घोडा उचलला. हत्तीच्या बदल्यात घोडा, म्हणजे आपला फायदा, असे मला क्षणभर वाटले. नंतर मोजले तेव्हा दोन प्यादी कमी होती, सी स्तंभात माझी प्यादी एकामागे एक उभी होती आणि राजाभोवती कोणी नव्हते.

दुसऱ्या डावात प्रतिस्पर्ध्याने १२ व्या चालीला स्वतःच एच५ खेळून माझे प्यादे अडवले. मी धडा घेतलेला असल्याने राजा बी१ वर नेला, घोडा ई२ वर मागे आणला, उंटाला उंट मारला, पुढे वजिरावजिरीही झाली. आता धोका टळला असे समजून मी निवांत झालो आणि पुढच्या वीस चालींत सी स्तंभावर गुदमरून हरलो. दोन्ही डावांत संगणकातले बुद्धिबळ इंजिन बराच काळ पांढऱ्याचे बरे दाखवत होते. ते का बरे आहे, हे मात्र इंजिन सांगत नाही. घाई केली तर हरतो, सावधपणा केला तरी हरतो. तर या स्थितीत पांढऱ्याला नेमके काय साधायचे असते, आणि उंट एच६ ही चाल कधी बरोबर असते, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

मुठेकाठ

तुमच्या पहिल्या डावात चूक एका चालीची दिसते, पण ती खरे तर क्रमाची आहे. तुम्ही १६ व्या चालीला ज्या स्थितीत उंट एच६ खेळलात, नेमकी तीच स्थिती १९७४ मध्ये मॉस्कोत झालेल्या कॅन्डिडेट्सच्या (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्याच्या दुसऱ्या डावात अनातोली कार्पोव्ह आणि व्हिक्टर कोर्चनॉय यांच्यात आली होती. सुरुवातीच्या चालींचा क्रम थोडा निराळा होता, एवढेच. हल्ल्याच्या ऐन भरात कार्पोव्हने तिथे डी४ वरचा घोडा ई२ वर मागे घेतला. पहिल्यांदा हा डाव पाहिला तेव्हा ती चाल मला भित्रेपणाची वाटली होती. ती तशी का नाही, हे कळले की या व्हेरिएशनचे, म्हणजे सुरुवातीच्या चालींच्या या शाखेचे, अर्धे मर्म हाती येते.

आधी मोहऱ्यांची कामे पाहू. जी६ चे प्यादे ही तुमच्या एच प्याद्याला मिळालेली खुंटी आहे. ते पुढे आले नसते तर एच५ ला टेकायला काही नव्हते आणि एच स्तंभ उघडायला फार वेळ लागला असता. एफ३ चे प्यादे ई४ ला आधार देते, काळ्या घोड्याला जी४ वर येऊन ई३ च्या उंटाला छळू देत नाही आणि पुढे जी४ साठी जमीन तयार करते. बी३ चा उंट एफ७ कडे पाहतो आणि डी५ हा काळ्याचा मध्यातला मोठा धक्का दाबून ठेवतो. पण त्या जागी पोहोचेपर्यंत त्याच्या दोन चाली खर्च होतात आणि तेवढ्या वेळात काळ्याचा हत्ती व घोडा सी स्तंभाभोवती जमतात. काळ्याचा जी७ चा उंट मात्र दोन नोकऱ्या एकदम करतो: स्वतःच्या राजाभोवतीची काळी घरे राखतो आणि लांब कर्णावरून सी३ आणि बी२ वर नेम धरतो. म्हणूनच तो पटावरून घालवावा, असे प्रत्येक पांढऱ्या खेळाडूला वाटते, आणि ते वाटणे बरोबरच आहे.

प्रश्न आहे तो तुमचा ई३ चा उंट आणि डी२ चा वजीर यांच्या कामांचा. तेही रिकामे बसलेले नाहीत. उंट ई३ वरून उठला की डी४ चा घोडा केवळ वजिराच्या भरवशावर उरतो, आणि वजीर एच६ वर गेला की सी३ चा एक राखणदार कमी होतो. तुमच्या डावात काळ्याचा हत्ती आधीच सी४ वर येऊन डी४ आणि सी३ या दोन्ही घरांना टेकला होता. अशा वेळी ई३ चा उंट उचलणे म्हणजे घराला कुलूप न लावता गावाला जाण्यासारखे झाले. ई४ वर घोडा मारण्यात प्रतिस्पर्ध्याची विशेष प्रतिभा नव्हती, ती चाल स्थितीतच पडून होती.

आता कार्पोव्हचा घोडा ई२ वर का गेला ते पाहा. त्याने एकाच चालीत डी४ वरचे लक्ष्य हलवले आणि सी३ ला आणखी एक आधार दिला. त्यानंतरच, म्हणजे १७ व्या चालीला, उंट एच६ वर आला आणि उंटांची मारामारी होऊन वजीर तिथे बसला. कोर्चनॉयने दोन्ही हत्ती सी स्तंभावर लावले, तेव्हा १९ व्या चालीला कार्पोव्हने पहिला हत्ती डी३ वर चढवून सी३ पुन्हा बांधून घेतले. ही चाल माझ्या मते सगळ्या डावाचा कणा आहे, कारण तिच्यामुळे ई२ चा घोडा राखणदारीतून मोकळा झाला आणि एफ४ मार्गे हल्ल्यात सामील होऊ शकला.

मग उरला एफ६ चा घोडा, जो एच७ चा खरा पहारेकरी असतो. तो हटवायला जी५ आणि घोडा डी५ ही दोनच हत्यारे असतात आणि कार्पोव्हने दोन्ही वापरली. २४ व्या चालीला तर घोड्याला घोडा मारण्याची घाई न करता त्याने ई५ खेळले. काळा वजीर ए५ वरून पाचव्या रांगेतून जी५ वर येऊन शह देऊ शकत होता, ती वाट त्या प्याद्याने बंद झाली. डाव २७ चालींत संपला. ज्याला लोक तुफानी हल्ला म्हणून ओळखतात, त्यातल्या किमान तीन चाली निव्वळ राखणदारीच्या आहेत.

तेव्हा उंट एच६ खेळण्याआधी मी स्वतःला एवढेच विचारतो: माझा वजीर पटाच्या त्या टोकाला गेल्यावर सी३ वर हत्ती पडला, तर तो मला सोसेल का? सोसत असेल तर मागचा-पुढचा विचार न करता जावे.

जी७चा उंट

मी या वादातला आरोपी आहे. गेली पंधरा वर्षे काळ्याने ड्रॅगनच खेळतो. (काळ्याच्या प्याद्यांची रचना कालेय तारकासमूहासारखी दिसते म्हणून हे नाव पडले असे सांगतात. पुण्याच्या आकाशात हल्ली तारे दिसतच नसल्याने मला ते साम्य कधी पडताळून पाहता आलेले नाही.) मुठेकाठ यांनी लिहिलेले सगळे मान्य करून पलीकडच्या बाजूने थोडे सांगतो.

पांढऱ्याने एक गैरसमज सोडावा. तुम्ही राजाच्या बाजूला प्यादी ढकलता तशी आम्ही वजिराच्या बाजूला प्यादी ढकलून शर्यत लावतो, असे नसते. बी५ आणि बी४ आम्हालाही हवे असते, पण आमचा हल्ला मुख्यतः मोहऱ्यांचा असतो, कारण सी प्यादे तिसऱ्या चालीलाच डी प्याद्याशी बदलून आम्ही स्तंभ उघडून ठेवलेला आहे. तुम्हाला एच स्तंभ उघडायला एक प्यादे आणि तीन-चार चाली द्याव्या लागतात. आमचा रस्ता आधीपासून मोकळा असतो. म्हणून सी३ वर हत्ती देताना आमचा जीव फारसा वरखाली होत नाही. बी प्याद्याने हत्ती मारला की तुमच्या राजापुढची भिंत कोसळते, सी स्तंभातली दुहेरी प्यादी शेवटपर्यंत ओझे होऊन राहतात, आणि डी५ वर उडी मारू पाहणारा घोडा पटावरून गेलेला असतो. एखादे प्यादे सोबत मिळत असेल आणि तुमचा एच स्तंभ अजून उघडलेला नसेल, तर मी तो हत्ती फार मोजणी न करताही देतो. उलट एच स्तंभ उघडा आहे, माझा जी७ चा उंट गेला आहे आणि तुमचा दुसरा घोडा एफ४ च्या वाटेवर आहे, अशा वेळी तोच हत्ती दिला तर बहुधा मीच आधी मरतो.

तुमचा दुसरा डाव वाचून १९९५ चा न्यूयॉर्कचा जागतिक अजिंक्यपदाचा सामना आठवला. आनंदने नववा डाव जिंकून आघाडी घेतली, दहाव्यात कास्पारोव्हने बरोबरी साधली आणि अकराव्यात त्याने अनपेक्षितपणे ड्रॅगन पुढे केला. तिथेही एच४ ला एच५, राजा बी१, घोडा सी४, उंटाने घोडा मारणे, हत्तीने परत मारणे आणि घोडा ई२, असाच क्रम झाला. पुढे जी७ वर उंटांची मारामारी आणि १९-२० व्या चालींना वजिरावजिरी. म्हणजे तुम्ही जे केलेत, जवळजवळ तेच. वजीर गेल्यावर हल्ला दोघांचाही संपला, पण सी स्तंभ संपला नाही. काळ्याचे दोन्ही हत्ती तिथेच राहिले, २८ व्या चालीला आनंदने बी४ खेळून राजासमोरची प्यादी सैल केली आणि ३१ व्या चालीला कास्पारोव्हचा हत्ती सी२ वर घुसताच आनंदने डाव सोडला. तेव्हा वजीर गेले म्हणून निवांत होऊ नका. या रचनेत वजिरावजिरी ही माझ्या दृष्टीने काळ्याला दिलेली सवलत आहे, कारण तुमची एच आणि जी प्यादी ज्या कामासाठी पुढे गेली होती ते काम निघून जाते आणि माझ्या हत्तींचे काम तसेच राहते. मुद्दाम करायचीच असेल तर सी२ आणि बी३ ही घरे अखेरपर्यंत पुरतील एवढी राखणदार मोहरी शिल्लक आहेत ना, ते आधी मोजा.

बाजीरावरस्ता

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण एक व्यावहारिक मतभेद नोंदवतो. उन्हाळ्यात सांगलीच्या स्पर्धांना जाऊन वाढलेल्या पिढीतला मी आहे आणि आता फक्त रविवारचा खेळाडू उरलो आहे. पंधरा मिनिटांच्या डावात सी३ ची राखणदारी मोजत बसणे सगळ्यांनाच जमते असे नाही. उंट सी४ वर नेऊन मग बी३ वर आणण्यात दोन चाली जातात, हे मुठेकाठ यांनीच लिहिले आहे. मग त्या वाचवून नवव्या चालीलाच वजिराच्या बाजूला कॅसलिंग का करू नये?

काळ्याला तिथे लगेच डी५ खेळता येते, आणि खेळलेच पाहिजे असे बहुतेकांचे मत आहे. ई×डी५, घोडा×डी५, मग सी६ वर घोड्याला घोडा मारला की काळा बी प्याद्याने परत मारतो. इथे मोहात पडून घोड्याला घोडा मारून वजिराने डी५ चे प्यादे खाऊ नये, कारण काळा वजीर सी७ वर येतो, ए८ चा हत्ती आमिष म्हणून सोडतो आणि तुमच्या राजाकडे सगळ्या वाटा उघडतात. त्याऐवजी १२ व्या चालीला उंट डी४ वर ठेवावा. त्याने ई५ खेळले तर उंट सी५ वर न्यावा. तिथे काळा ई६ वर उंट आणून एफ८ चा हत्ती तुमच्या तोंडाशी धरतो, तोही लगेच गिळू नये, घोडा ई४ वर आणून पकड ठेवावी. अशा डावात कोणी कोणाला वीस चालींत मात देत नाही, पण काळ्याची ए आणि सी प्यादी सुटी पडतात आणि पांढऱ्याला त्यांच्यावर दीर्घकाळ दाब ठेवता येतो. ड्रॅगनवाल्यांना मारामारी हवी असते. त्यांना असा कोरडा डाव दिला की त्यांचे निम्मे अवसान गळते.

एरवी हल्लाच शिकायचा असेल तर १९५८ च्या पोर्टोरोझच्या स्पर्धेतला बॉबी फिशर विरुद्ध बेंट लार्सन डाव अवश्य पटावर मांडावा. १५ वर्षांच्या फिशरने डी५ वर आलेला उंट बदलू न देता बी३ वर परत नेला आणि मग एच स्तंभ फोडला. कोणते मोहरे बदलायचे आणि कोणते जपायचे, याचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरा माहीत नाही.

एकघरप्यादे

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री कार्पोव्हचा डाव पटावर मांडला आणि १६ वी चाल आल्यावर मुलीला विचारले, तर तिनेही उंट एच६ असेच सांगितले. म्हणजे हा दोष आमच्या घराण्यातच दिसतो. सी३ चे गणित आता बरेच उमगले आहे. बाजीरावरस्ता यांचा पर्याय मी नक्की खेळून पाहीन, पण हल्ल्याचा मोह सुटत नाही.

दोन शंका उरल्या. पहिली, १२ व्या चालीला काळ्याने एच५ खेळून स्तंभच अडवला, तर खुंटी असूनही माझे प्यादे तिला टेकत नाही. मग पांढऱ्याची योजना कोणती? दुसरी, राजा बी१ वर नेण्याची चाल सगळे खेळतात, पण ती नुसती भीतीपोटी आहे की तिच्यात आणखी काही आहे?

मुठेकाठ

दुसरी शंका आधी घेतो, कारण तिचे उत्तर नेमके आहे. काळा वजीर ए५ वर आणि तुमचा डी२ वर असताना राजा सी१ वर असेल, तर घोडा डी५ खेळल्यावर काळा वजीर तुमचा वजीर शहासह मारतो आणि तुम्हाला निमूटपणे परत मारावे लागते. राजा बी१ वर असेल तर त्या मारण्यात शह नसतो. मग काळा राजा जी८ वर आहे तोवर आधी घोड्याने ई७ चे प्यादे शहासह खायचे आणि नंतर वजीर परत घ्यायचा. एक प्यादे फुकट. शिवाय राजा सी स्तंभावरून आणि सी१ ते एच६ या कर्णावरून दूर होतो, ए२ लाही आधार मिळतो. काळ्याचा वजीर ए५ वर आलेला असेल किंवा येण्याच्या बेतात असेल, तर ही चाल वेळ घालवणारी नसून धमकी देणारी आहे. तो डी८ वरच बसून असेल आणि एच स्तंभ उघडण्याची संधी समोर असेल, तर मात्र ती पुढे ढकलायला हरकत नाही.

जी७चा उंट

एच५ बद्दल मी सांगतो, कारण ते आमचे हत्यार आहे. अमेरिकन ग्रँडमास्टर सॉल्टिस यांचे नाव त्याला मिळालेले आहे. ते खेळून आम्ही एच स्तंभ कायमचा बंद करत नाही, फक्त त्याची किंमत वाढवतो: आता तुम्हाला जी४ खेळून दोन प्यादी देण्याची तयारी ठेवावी लागते, म्हणजे एच×जी४ नंतर एच५, आणि आमच्या घोड्याने तेही घेतले तर स्तंभ उघडा. हे लगेच केलेत तर मला सहसा आनंदच होतो, कारण तुमची मोहरी अजून त्या बाजूला पोहोचलेली नसतात.

आम्हाला खरा त्रास होतो तो १३ व्या चालीला उंट जी५ वर आला की. तो उंट एफ६ च्या घोड्यावर बसतो, त्याला मारून घोडा डी५ वर आणण्याची धमकी देतो, आणि पुढे एफ४ व ई५ असा मध्यातला मार्गही उघडा ठेवतो. आता लढाई एच स्तंभाची उरत नाही, एफ६ च्या घोड्याची होते. त्यावर आम्ही हत्ती सी५ वर चढवतो, कारण तिथून तो पाचव्या रांगेवर नजर ठेवतो आणि घोडा डी५ वर आलाच तर हत्ती देऊन त्याला मारण्याची सोय होते. तुम्ही राजा बी१ वर न्या, मला बी५ खेळू द्या, आणि मग जी४ ढकला. त्या वेळी एच×जी४, एच५, घोडा×एच५ झाल्यावर घोडा डी५ वर येतो तेव्हा मला हत्ती द्यावाच लागतो, तुमचा बी३ चा उंट परत मारत डी५ वर येऊन बसतो, आणि दोन प्यादी व जी७ चा उंट जवळ असूनही मला पुढच्या दहा चाली जपून खेळाव्या लागतात. ही स्थिती घरच्या पटावर मांडून इंजिन न लावता दोन्ही बाजूंनी खेळा. मुलीला आधी काळी मोहरी द्या.